तुरट : बारोलोची एक बाटली आणि तीन संध्याकाळी

रानजाई

मंडळी, ऑक्टोबर २०२३ मध्ये नवरा आणि मी आठ दिवस इटलीत होतो. रोम नाही, व्हेनिस नाही, पिसाच्या मनोऱ्याला हात टेकलेला फोटोही नाही. पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्या, मुक्काम ला मोर्रा नावाच्या गावात. सासूबाईंनी विचारलं, "तिथं बघायला काय आहे?" खरं उत्तर "द्राक्षबागा". आणि माझं आजोळ निफाडचं. द्राक्षबागा बघायला कुणी विमानाने जातं का, म्हणून मामा अजून हसतोय.

अख्खं प्रवासवर्णन लिहायचा आळस आहे, त्यामुळे एकाच बाटलीची गोष्ट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारोलो हे गावाचं नाव आणि वाईनचंही. त्या गावासह अकरा गावांच्या हद्दीत, फक्त नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून ती करतात. किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडात. 'नेब्बिया' म्हणजे धुकं, त्यावरून नेब्बिओलो, असं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्याची तोडणी चालू होती आणि सकाळी खिडकी उघडली की खालची दरी दुधाने भरल्यासारखी. नऊ-साडेनऊला धुकं उतरायला लागायचं आणि एकेका टेकडीचं डोकं वर यायचं.

तर पहिली संध्याकाळ. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथचं रेस्तराँ, वाईनची यादी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीएवढी. मी घरून अभ्यास करून गेलेली. सेर्रालुंगा गावची, २०१९ची बारोलो मागवली, ८५ युरो. जेवायला दोघांनीही मासा घेतला. वेटरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यादीकडे, आणि अदबीने विचारलं, "नक्की? माशाबरोबर आमची अर्नेइस आहे, पांढरी, ग्लासवर मिळेल." मला वाटलं, हा आपल्याला पर्यटक समजून काहीतरी खपवतोय. मी "सी, सी" म्हणून मान हलवली.

वास अप्रतिम. मग घोट घेतला. हिरड्या आवळल्या गेल्या, दातांवरून जीभ फिरवावी तर ती सरकेना. कच्ची सुपारी चघळली की होतं ना, तसं. त्यावर माशाचा घास घेतला तर तोंडात सरळ लोखंड. लहानपणी हापशाच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायचो त्याची आठवण झाली. नवऱ्याने ग्लास खाली ठेवला, पाण्याची बाटली पुढे ओढली (तीन युरो) आणि म्हणाला, "पंच्याऐंशी युरोत आवळासुपारी."

पाऊण बाटली तशीच राहिली. वेटरने न विचारता बूच परत दाबलं, कागदी पिशवीत घातली आणि हातात देताना म्हणाला, "उद्या. परवा आणखी चांगली."

दुसरी संध्याकाळ, खोलीची गॅलरी. दुकानातून तोमा नावाचं चीज, पाव आणि भाजलेले हेझलनट आणलेले. खरं तर मी ओतून देणार होते. पण चीजच्या तुकड्यावर घोट घेतला आणि कालची ती मूठ जरा सैल झालेली. मग निवांत रंग पाहिला. मला वाटायचं, भारी वाईन म्हणजे गडद. ही फिकट, ग्लासाच्या पलीकडचा हात दिसेल इतकी. साधारण कोकम सरबताचा रंग, कडेला किंचित विटकरी. वास सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि त्यामागे डांबराचा. नव्या डांबरी रस्त्यावर वळवाची सर पडते ना, तो वास. डांबर आणि गुलाब ही उपमा नेब्बिओलोला सगळेच देतात, वाचून हसले होते मी. हसायचं काम नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी ताज्या 'तायारीन' आणल्या. तायारीन म्हणजे आपल्या शेवयांहून थोड्या रुंद, पिवळ्याधमक. जुन्या पद्धतीत किलोभर पिठाला तीस-तीस, चाळीस बलक घालतात. दोन मिनिटं उकळून नुसत्या लोण्यात आणि सेजच्या पानांत परतल्या. उरलेले दोन ग्लास ओतले. पहिल्या दिवशी जो तुरटपणा हिरड्यांना धरत होता त्याला आता धरायला लोणी आणि अंडं मिळालं होतं. घास जड, घोट तुरट, की तोंड लख्ख आणि पुढच्या घासाला तयार. नवऱ्याने बाटली उलटी करून शेवटचा थेंब स्वतःच्या ग्लासात पाडला, एवढंच नमूद करते.

बाटली तीच. चुकलं होतं ते माझं. आपल्या भाषेत त्या चवीला 'तुरट' असा नेमका शब्द आहे, आवळा-जांभूळ खाऊन मोठे झालो, आणि तरी मी पुस्तकातलं 'टॅनिन' पाठ करून गेले होते.

सोलकढी

पंच्याऐंशी युरोत आवळासुपारी!! खल्लास. फोटो टाका की हो, आणि ट्रफलचं (ती जमिनीखालची महागडी अळिंबी) काय? ऑक्टोबर म्हणजे सीझन ना?

शंकेखोर

८५ युरो म्हणजे साडेसात हजार रुपये. माझी साधी शंका. तीन दिवस उघडी ठेवल्यावर जर चांगली लागते, तर बनवणारेच तीन दिवस उघडी ठेवून का विकत नाहीत? आणि तीन दिवसांत तुमच्या जिभेची सवय बदलली, वाईन नाही, असं का नसेल?

रसायनदादा

सवयीचा भाग थोडा असेल, पण बाकीचं रसायन आहे. लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंडाला वंगण राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतं, वंगण जातं, जीभ खरखरीत. कच्चं केळं, जांभूळ, हिरडा, सगळीकडे हाच प्रकार. चामडं कमावायला हिरडा आणि बाभळीची साल वापरतात तीही याच गुणासाठी. म्हणजे पहिल्या दिवशी रानजाईताईंच्या तोंडात चर्मोद्योग चालू होता. :)

आता जेवणात दुसरं प्रथिन आणि चरबी आली की टॅनिन तिकडे गुंतून पडतं. कडक चहात दूध घातलं की तो मऊ होतो, तेच हे. माशाबरोबरच्या लोखंडी चवीमागे वाईनमधल्या लोहाचा हात असतो, माशातल्या तेलाशी त्याचं पटत नाही. आणि उघड्या बाटलीत हवा लागून वाईन बदलते हेही खरं, फक्त नाजूक वाईन तीन दिवसांत मरते आणि ही सुधारली.

रानजाई

@सोलकढी, फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये, म्हणजे दिवाळीनंतर. पांढऱ्या ट्रफलचा बाजार जवळच्या अल्बा शहरात भरला होता. काचेच्या झाकणाखाली मातकट बटाटे, शेजारी सोनाराकडे असतो तसा काटा. वास घ्यायला देतात. पहिल्यांदा वाटलं गॅस गळतोय, मग लसूण, मग मध. भाव ग्रॅमवर. आम्ही वासावर भागवलं.

अल्बाची आणखी एक गंमत. न्युटेलावाल्या फेरेरोचं मूळ गाव हेच. नवऱ्याचा चुलतभाऊ बारामतीत त्यांच्याच कारखान्यात आहे, तर आमच्या साहेबांनी गेटसमोर सेल्फी काढून "तुझ्या हेड ऑफिसला भेट दिली" म्हणून पाठवला.

ओलांडा

ताई, लेख आवडला. मी द्राक्ष बागायतदार, पिंपळगावकडचा. दारूतलं कळत नाही पण बागेतलं विचारतो. एकरी माल किती काढतात? मांडव का तारा? छाटणी कधी? पाणी ठिबक का? आन डावणीच्या बुरशीला काय मारतात?

रानजाई

ओलांडादादा, तुमचं नाव वाचूनच ओळखलं बागवाले म्हणून (ओलांडा म्हणजे वेलीची आडवी फांदी). मामानेही हेच प्रश्न विचारले होते, म्हणून तिथे विचारून ठेवलंय.

माल : नियमच आहे, बारोलोसाठी हेक्टरी ८ टनांच्या वर नाही. एकरी सव्वातीन टन झाले. मांडव कुठेच नाही, उभ्या तारा. वेलीला दरवर्षी एकच लांब काडी ठेवून तारेवर आडवी बांधतात. छाटणी एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशी दुहेरी भानगड नाही, कारण तिथे थंडी आणि बर्फ वेलीला आपोआप झोपवतात. ठिबक मला कुठे दिसलं नाही. आणि डावणीला तांबं, तेच आपलं मोरचूद-चुन्याचं बोर्डो. आपल्याकडे 'बोर्डो मारलं' इतकं रुळलंय की ते एका वाईनच्या गावाचं नाव आहे हे मला कितीतरी उशिरा कळलं.

ओलांडा

सव्वातीन टन! आमच्याकडं तेवढ्यात औषधाचा खर्च निघायचा नाही. आम्ही एकरी दहा-बारा टन धरतो. फरक कळतोय पण. आम्हाला मणी मोठा पाहिजे, अठरा एमएम, त्यासाठी जीएमध्ये, म्हणजे वाढीच्या संजीवकात, घड बुडवायचे, साल पातळ, बी नको. त्यांना उलटं पाहिजे असंल. मणी बारीक, साल जाड. तुमचा तो तुरटपणा सालीत आन बियांतच असतो ना?

रसायनदादा

अगदी बरोबर. रस कमी आणि साल जास्त, तेवढा अर्क जास्त. नेब्बिओलोत गंमत अशी की टॅनिन भरपूर पण रंगद्रव्य बेताचं. म्हणून फिकट दिसते आणि धरते मात्र घट्ट. रंग पाहून फसायला होतं.

तोरिनोकर

धागा आज पाहिला. मी तोरिनोत (म्हणजे ट्यूरिन) सहा वर्षं आहे, आधी शिकायला, आता नोकरी. लांगे इथून शनिवार-रविवारचं ठिकाण, त्यामुळे थोडी भर.

शंकेखोर, तुमचा प्रश्न चेष्टेचा असला तरी याच प्रश्नावरून इथे घरंच्या घरं फुटली आहेत. जुने लोक साली रसात कित्येक आठवडे भिजत ठेवायचे, मग मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं. वाईन दहा-पंधरा वर्षं पिण्याजोगी व्हायची नाही. १९८० च्या दशकात तरुण पोरांनी फ्रान्समधल्या बुर्गोन्याची वाट धरली, तिथले शेतकरी याच धंद्यात गाड्या-घरं बाळगून आहेत हे पाहिलं आणि परत येऊन साली काही दिवसांतच काढायला आणि वाईन २२५ लिटरच्या नव्या छोट्या फ्रेंच पिंपांत भरायला लागली. एलिओ आल्तारे या ला मोर्राच्याच पोराने १९८३ मध्ये बापाची जुनी पिंपं चेनसॉने कापली. बापाने त्याला वारशातून काढलं. ही पोरं वेलीवरचे अर्धे घड कच्चे असतानाच कापून जमिनीवर टाकायची, राहिलेल्यात रस उतरावा म्हणून. उपाशी दिवस काढलेल्या म्हाताऱ्यांना ते बघवेना.

दुसऱ्या बाजूला बारोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लो होते. शेवटपर्यंत जुन्या पद्धतीला चिकटून. १९९९ मध्ये त्यांनी स्वतः रंगवलेल्या लेबलावर लिहिलं, 'ना बारीक, ना बेर्लुस्कोनी'. बारीक म्हणजे ते छोटं पिंप, आपलं बारीक नव्हे; बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतले अब्जाधीश पुढारी. २००५ मध्ये गेले. आता भांडण निवलंय, बहुतेक जण दोन्हींतलं थोडं थोडं घेतात, आणि आल्तारेंना आज कुणी वेडा म्हणत नाही.

उपाशी दिवस हे शब्द अलंकारिक नाहीत. युद्धानंतर या टेकड्यांवरची पोरं फियाटच्या कारखान्यात कामाला तोरिनोला उतरली, कोकणातून गिरण्यांत जावीत तशी. द्राक्षबागा ओस. त्यात मार्च १९८६ मध्ये मिथेनॉलचं प्रकरण. स्वस्त वाईनचा अल्कोहोल वाढवायला मिथेनॉल मिसळलं, वीसच्या वर माणसं मेली, आणि त्यातला मुख्य व्यापारी नारत्सोलेचा, बारोलोपासून हाकेच्या अंतरावर. बारोलोवाल्यांचा संबंध नसताना त्यांचीही निर्यात बसली. त्यानंतर मात्र कायदे आणि तपासण्या कडक झाल्या. २०१४ मध्ये हाच मुलूख युनेस्कोच्या यादीत गेला आणि आता जमिनीचे भाव ऐकवत नाहीत.

शंकेखोर

हे आवडलं. माझी शंका मागे घेतो, पण पूर्ण नाही. कुठली टेकडी भारी आणि कुठली फालतू हे ठरवतं कोण? की सगळा मार्केटिंगचा खेळ?

तोरिनोकर

थोडा खेळ आहेच. पण मुळाशी साधं शहाणपण आहे. हिवाळ्यात जिथलं बर्फ आधी वितळतं तिथे नेब्बिओलो लावायचा, कारण तो फार उशिरा पिकतो आणि त्याला मिळेल तेवढं ऊन हवं. दक्षिणेकडच्या अशा उताराला स्थानिक बोलीत 'सोरी' म्हणतात. नियमही तेच सांगतो : समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर, आणि उत्तरेकडे तोंड असलेला उतार बाद. उरलेल्या जागी दोल्चेत्तो, बार्बेरा ही दुसरी द्राक्षं, नाहीतर हेझलनट. मातीही बदलते. ला मोर्राकडे निळसर मार्ल, म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमाती, वाईन लवकर मवाळ होते. सेर्रालुंगाची माती त्याहून जुनी, वाईन ताठ. रानजाईताई, तुम्ही नेमकी सगळ्यात ताठ गावची, आणि सगळ्यात कोवळी बाटली माशाबरोबर उघडलीत. २०१९ची बारोलो त्याच जानेवारीत बाजारात आली होती हो!

रानजाई

आता कळलं. त्या वेटरला मनातल्या मनात सॉरी म्हणून झालंय.

वरणभात

आम्ही दोघे शाकाहारी, वाईन थोडीफार घेतो. तिकडे खायचे हाल होतील का?

रानजाई

हाल नाही, पण विचारत राहावं लागतं. आम्ही दोघं गोमांस खात नाही, त्यामुळे तीच कवायत केली. आन्योलोत्ती देल प्लिन दिसायला चिमुकल्या करंज्या (प्लिन म्हणजे चिमटा, चिमटीने कडा दाबतात), पण आत बहुतेक मांसच. बान्या काउदा म्हणजे भाज्या बुडवून खायची गरम लसणाची चटणी, ऐकायला शाकाहारी आणि आत अँकोव्ही मासे. भाजलेल्या मिरचीवरही अँकोव्ही. तायारीन लोण्यात मागा, अंडं चालत असेल तर.

आमचं सगळ्यात चांगलं जेवण मोनफोर्तेजवळ एका घरगुती खानावळीत झालं. मेन्यूकार्ड नाही. काकू टेबलाशी उभ्या राहून काय काय आहे ते म्हणून दाखवतात, आपण माना डोलवायच्या. मी "बारोलो?" विचारलं तर "दुपारी?" म्हणाल्या आणि बिनलेबलच्या काचेच्या जगमध्ये अर्धा लिटर दोल्चेत्तो आणून ठेवली. गावची माणसं रोज तीच पितात, नाहीतर बार्बेरा. जांभळट, रसरशीत, डोक्याला त्रास नाही. ग्रिसीनीच्या हातभर लांब कुरकुरीत काड्या, चीज, बटाट्याचं काहीतरी, कांदा भरून भाजलेला, आणि शेवटी 'बोनेत' : कोको आणि अमारेत्ती बिस्किटांचं कॅरॅमल कस्टर्ड. चुकूनही जेवणानंतर कॅपुचिनो मागू नका. मागितला. चेहरा पाहिला त्यांचा.

तोरिनोकर

दोन व्यावहारिक गोष्टी. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, तो बसण्याचा-पावाचा आकार आहे. आणि गाडी घेतली असेल तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम. दोन ठिकाणी चव घेतलीत की संपलं. तिथे थुंकायची भांडी ठेवतात ती शोभेची नाहीत.

रानजाई

म्हणून तर पायी हिंडलो. ला मोर्राहून बारोलोपर्यंत बागांतून उतरती वाट आहे, वाटेत लाल-पिवळ्या-निळ्या रंगांनी माखलेलं एक छोटं चॅपल. ते १९१४ मध्ये बागेतल्या मजुरांना गारा-पावसात आडोसा म्हणून बांधलेलं, १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेम्लेट या चित्रकारांनी रंगवलं. बारोलोत नवरा वाईन सोडून बूच काढायच्या स्क्रूंच्या संग्रहालयात दीड तास रमला. त्यावर वेगळा धागा तोच काढेल.

सोलकढी

इटालियन द्राक्ष प्यायला इटलीलाच जायला हवं असं नाही बरं का. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीने तोस्कानाची सांजोवेसे लावली आहे, वाईनमेकरही तिकडचेच, पिएरो मासी. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ-भाऊ. नेब्बिओलो मात्र आपल्या उन्हात नांदेल असं वाटत नाही. बाय द वे, बाटल्या आणल्यात की नाही?

रानजाई

आणल्या. माणशी दोन लिटरची सवलत, मोज्यांत गुंडाळून चार बाटल्या. त्यातली २०१३ ची एक बारोलो भाऊबीजेनंतरच्या रविवारी मामाकडे उघडली. तीन तास आधी उघडून ठेवली, मामी म्हणाली, "झाकण तरी ठेवा, माश्या बसतील."

मटण होतं. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर साफ भांडण : तिखट आणखी पेटलं, वाईन कडू झाली. मग मामीने पोरांसाठी बाजूला काढलेलं अळणी घेतलं, नुसतं मीठ-हळद-आलं-लसणातलं, वर तूप आणि चरबीचे डोळे तरंगणारं. ते जमलं. तायारीनहून चांगलं जमलं, असं मी तोरिनोकरांची माफी मागून म्हणते. मामाने आयुष्यात द्राक्ष कधी प्यायलं नव्हतं. दोन घोट घेतले, थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "आवळा खाऊन वरून पाणी प्यावं, तसं लागतंय मागाहून."

सोलकढी

मामांना दंडवत. उरलेल्या कुठे ठेवल्या? पुण्याच्या एप्रिलमध्ये कपाटात ठेवल्यात तर व्हिनेगर होईल.

रानजाई

फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, आडव्या. कोथिंबिरीला जागा नाही म्हणून घरात रोज बोलणी खाते.

ओलांडा

ताई, उशिरा लिहितोय. २६ तारखेला संध्याकाळी गारा झाल्या. निफाड तालुक्यात बऱ्याच बागा गेल्या. आमची अर्धी गेली, मणी फुटले, काड्या सोलून निघाल्या. मामांकडं कसं आहे? एक विचारायचं होतं. तुम्ही गारा-पावसाचा आडोसा लिहिलंत, म्हणजे तिकडंही गारा होतात. ते बागंवर काही टाकतात का?

रानजाई

दादा, वाचून पोटात खड्डा पडला. मामाची वरची बाग वाचली, ओढ्याकाठची गेली. काल फोनवर फार बोलला नाही.

हो, तिथे जाळ्या पाहिल्या. वरून मांडवासारख्या नाही, उभ्या ओळीच्या दोन्ही अंगांना पडद्यासारख्या, तोडणीच्या वेळी गुंडाळून वर बांधलेल्या. आपल्या मांडवाला तशा चालणार नाहीत, वरून टाकाव्या लागतील. एकरी खर्च किती ते मी विचारलं नव्हतं. तोरिनोकर, तुमच्या ओळखीत कुणी बागवाले आहेत का?

तोरिनोकर

आहेत. शनिवारी शेजारच्या बारबारेस्को गावाला चाललोय, जाळीची जाडी, किती वर्षं टिकते आणि भाव, तिन्ही विचारून इथेच टाकतो.